टेस्टोस्टेरॉन स्वतःच घेताय? निदान या चुका तरी टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या लॅबचं शटर सकाळी साडेसहाला वर जातं. बावीस वर्षं मी लोकांचं रक्त काढतोय. पूर्वी त्या वेळेला यायचे ते शुगरवाले आणि थायरॉइडवाले. आता त्यांच्यात तिशी-चाळिशीतले पुरुष मिसळलेत. काउंटरवर वाकून हळूच सांगतात, "काका, ते टेस्टोस्टेरॉन करायचंय." म्हणजे या पुरुषी हार्मोनची रक्ततपासणी. काहींकडं डॉक्टरांची चिठ्ठी असते, काहींकडं मित्राचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. मेसेजवाल्यांचा प्रश्न ठरलेला: "डॉक्टरकडं जायलाच पाहिजे काय? इंजेक्शन काय, मी माझं मारून घेतो."

मारून घेता येतं, खोटं कशाला बोलू. दोन-चार वेळा हात थरथरतो, मग सवय होते. डॉक्टर लागतो तो "आता थांब" म्हणायला. मी काही डॉक्टर नव्हे, पण रिपोर्ट माझ्या हाताखालून जातात आणि त्याच त्या चुका बघून आता डोकं फिरतं.

मिसळ खाऊन दुपारी टेस्ट

टेस्टोस्टेरॉन सकाळी वर असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. पोटात काही गेलं की आणखी पडतं. म्हणून सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी. एकाच रिपोर्टवर औषध सुरू केलं असेल, मग ते डॉक्टरनं केलेलं का असेना, पाया कच्चाच.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला एक पोरगा रात्रपाळी संपवून थेट आला होता. आकडा २४८ (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर). अमेरिकेतल्या यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेनं ३०० ची रेघ मारलीय, म्हणजे हा खालीच. त्याला म्हटलं, बाबा, दिवसपाळी लागू दे, आठ दिवस नीट झोप, मग ये. आला तेव्हा ४१२. तोवर पठ्ठ्यानं अँप्यूल आणून फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवलं होतं.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, काही मशिनवर आकडा खोटा चढतो. पोट सुटलेलं असेल तर नुसत्या टोटल टेस्टोस्टेरॉनवर जाऊ नका, एसएचबीजी, म्हणजे टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन, तेही बघायला लागतं.

पहिली सुई आधी, तपासणी नंतर

एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन या पिट्युटरीच्या हार्मोन्सची तपासणी पहिल्या इंजेक्शनच्या आधी करायची. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी गप्प बसते आणि एलएच, एफएसएच तळाला जातात. मग मूळ दोष वृषणात होता की पिट्युटरीत, हे कुठला तज्ज्ञ सांगणार? पुरावा तुम्हीच पुसलेला असतो. क्वचित तिथं गाठही निघते. ती आधी सापडलेली बरी.

पीसीव्हीकडं न बघणं

पीसीव्ही म्हणजे रक्तातला पेशींचा हिस्सा. हे मात्र सविस्तर सांगतो, कारण ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

एकेचाळीस वर्षांचा माणूस, तालमीत वाढलेला, आता जिमला जाणारा. दीड वर्ष स्वतःच इंजेक्शन घेत होता. आधी आठवड्याला ठरावीक, मग "मजा येईना" म्हणून जास्त. माझ्याकडं आला तो ऑफिसच्या विम्याला सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, पाहिजे म्हणून. चेहरा लालबुंद. मी म्हटलं ऊन लागलं असेल, पण बाहेर तर पावसाची रिपरिप. रबरी पट्टा बांधला, नस टरारून वर आली. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त उतरलं ते काळपट, काकवीसारखं. ट्यूब उलटीसुलटी केली तर काचेला चिकटून सावकाश खाली येत होतं.

हिमोग्लोबिन १९.४, पीसीव्ही ५८. मला वाटलं मशीन बिघडलं. दुसऱ्यांदा लावलं, तेच. फोन केला तर गडी खूश: "काका, एकोणीस म्हणजे तब्येत काटाकिर्रच की!"

टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी वाढवतं. पीसीव्ही ५४ टक्क्यांच्या वर गेला की औषध थांबवायचं, असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. रक्त घट्ट झालं की गुठळीची भीती. त्याला चार महिने डोकं जड व्हायचं, आंघोळीनंतर अंगाला खाज सुटायची, आणि बायको म्हणायची घोरणं वाढलंय. तो म्हणायचा, वय झालं. फिजिशियननं त्याच दिवशी इंजेक्शन बंद केलं, थोडं रक्त काढून टाकलं आणि झोपेची तपासणी लिहून दिली. झोपेत श्वास अडकतो, असं निघालं. त्या आजारानं पीसीव्ही आणखी वाढतो.

यावर जिममधला तोडगा ठरलेला: "रक्तदान करायचं, पीसीव्ही खाली." अरे, आपल्याकडं पुरुषाला ९० दिवसांतून एकदाच रक्त देता येतं. दर खेपेला शरीरातलं लोह जातं आणि डोस आहे तिथंच राहतो. नळ चालू ठेवून पोतेरं फिरवायचं काम. मला असल्या शॉर्टकटचा मनापासून राग येतो.

माझी सवय सांगतो: टेस्टोस्टेरॉनवर असलेला कुणीही आला की सीबीसी लावलाय का, हे मी फॉर्मवर आधी बघतो. सुरू करण्याआधी एकदा, पहिल्या वर्षात तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. चाळिशी उलटलेल्यांचं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, सोबत.

"ताकद वाढली, मग मूल का नाही?"

कागलकडचं जोडपं होतं. बायकोच्या सोनोग्राफ्या, गोळ्या, नवस सगळं वर्षभर चाललेलं. नवऱ्याची तपासणी शेवटी, तीही सासरच्यांनी आग्रह धरला म्हणून. शुक्राणू शून्य. मी बाजूला घेऊन विचारलं, "दादा, जिममध्ये काही घेता काय?" मान खाली गेली.

एलएच, एफएसएच बंद झाले की वृषणं काम थांबवतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण आत, जिथं शुक्राणू तयार होतात, तिथं दुष्काळ. जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून बघितलं होतं! बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण सहा महिने ते दोन वर्षं लागू शकतात. मूल हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरला सांगायचं, त्याला दुसरे इलाज असतात.

बाकीच्या, एका दमात

जेल लावून लगेच लेकराला उचलायचं नाही. ते वाळू द्या, अंग झाका, हात धुवा. काही इंजेक्शनं शेंगदाणा तेलातली असतात, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यानं वेष्टन वाचावं. छाती दुखरी झाली म्हणून मनानं इस्ट्रोजेन दाबायच्या गोळ्या खाऊ नयेत, पुरुषाची हाडंही त्या इस्ट्रोजेनवरच उभी आहेत. मैदान मारायचं स्वप्न असलेल्या मल्लांनो, हे डोपिंगच्या बंदी यादीत आहे, "वस्तादांना माहीत नव्हतं" हे तिथं चालत नाही. चिठ्ठीशिवाय मिळालेलं अँप्यूल खरं की खोटं, ते आमच्या लॅबलाही कळत नाही.

चिठ्ठी मिळाली म्हणजे देखरेख झाली

इथं डॉक्टरांचीही बाजू घेणार नाही. पहिल्याच रिपोर्टवर इंजेक्शन लिहून "सहा महिन्यांनी बघू" म्हणणारेही आहेत. त्यापेक्षा नियमित सीबीसी करून वही ठेवणारा हौशी माणूस मी जास्त सावध बघितलाय. पण वाढलेला आकडा बघून स्वतःचाच डोस कमी केलेला त्यातला एकही मला आजवर भेटलेला नाही. अंगात उत्साह आलेला असतो, तो कोण सोडणार?

हुशार पोरं २०२३ चा ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास तोंडावर फेकतात. पाच हजारांवर पुरुष, हार्ट अटॅक वाढले नाहीत. बरोबर. पण त्या लोकांना जेल दिलं होतं, रक्त तपासून डोस खालीवर केला जात होता, आणि तरीही हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातली गुठळी जास्त दिसली. तुमच्या फ्रीजचा त्या अभ्यासाशी काय संबंध?

एंडोक्रायनॉलॉजिस्ट किंवा यूरॉलॉजिस्ट गाठा. रक्त द्यायला याल तेव्हा मागचं इंजेक्शन कुठल्या तारखेला घेतलं, ते फॉर्मवर लिहा. आठवड्याचं असेल तर दोन इंजेक्शनांच्या मधल्या दिवशी या, तीन महिन्यांचं असेल तर पुढचं घ्यायच्या आधी. तारीख नसलेला फॉर्म मी परत हातात देतो, मागं कितीही रांग असली तरी.