मुरमाड जागेत थंडीची भाजी

नाशिककडच्या माळावर टिकाव मारला की चार-सहा इंचांत खणकन आवाज येतो. खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. अशा जागेतले दगड वेचण्यात हंगाम घालवू नका, वाफाच उंच करा.

आधी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी रात्रभर साचून राहिलं, तर खाली सलग कातळ आहे. उताराकडे चर काढा, नाहीतर दुसरी जागा बघा. साचल्या पाण्यात मुळं कुजतात आणि दोष बियाण्यावर येतो.

पाऊस ओसरला की मुरूम सहा इंच फोडून तिथेच राहू द्या. मुठीहून मोठे दगड निवडून १० बाय ३ फुटांच्या वाफ्याभोवती फूटभर उंच रचा. आत १५ घनफूट पोयटा (गाळाची माती), १० घनफूट पूर्ण कुजलेलं शेणखत, ५ घनफूट वाळका पाला आणि २ किलो निंबोळी पेंड मिसळा. कच्च्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, त्यात तडजोड नको. दोन पाणी देऊन आठवडाभर बसू द्या. माती खचेल तेवढी पुन्हा भरा.

ऑक्टोबरात मेथी, पालक, रगडून दोन फोडी केलेले धने लावा. लसूण ६ बाय ४ इंचांवर, कोबी-फ्लॉवर दीड फुटावर. गाजराला खडा आडवा आला की दोन तंगड्या फुटतात, म्हणून त्याच्या वाफ्यातली माती अर्ध्या इंची चाळणीतून काढा. बाकी पिकांना बारीक खडे चालतात.

मुरमावर पाणी टिकत नाही. एकदम भरपूर दिलं तर खताचा कस घेऊन खाली जातं. थोडं-थोडं, दिवसाआड द्या.

निफाडकडे काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांखाली जातो. कोबी, मेथी ते सोसतात. टोमॅटो, मिरची, वांगी सोसत नाहीत, फूल गळतं. कडाक्याची रात्र दिसली की दुपारीच पाणी द्या, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते. संध्याकाळी बांबूच्या कमानींवर क्रॉप कव्हर (पिकावर घालायचं पातळ कापड) टाका. कापड पानाला टेकलं तर तिथेच पान करपतं. ऊन चढताच काढा, नाहीतर आत दमटपणा राहून भुरी-करपा हे बुरशीचे रोग येतात. आणि सखल कोपऱ्यात टोमॅटो लावूच नका. गार हवा रात्री तिथेच उतरून बसते.