हरभऱ्यावरची घाटे अळी विषाशिवाय कशी आवरायची

हरभऱ्याचं वावर म्हणजे येता-जाता तोंडात टाकायचं वावर. शाळेतून येणारी पोरं ढाळे उपटतात, खुरपायला आलेल्या बाया शेंडे खुडून भाजीला नेतात, घाटे भरले की बांधावर हुळा भाजला जातो. त्यातलं कुणीही ‘फवारा कधी मारला होता?’ असं विचारत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. ती फवारणारी माणसं होती. हरभऱ्यात तर खाणाराही रानातच उभा असतो. म्हणून आमच्या परभणी भागातल्या सगळ्या ओळखीच्यांना मी हेच सांगते, की बाकी पिकांचं पुढे बघू, विष सोडायची सुरुवात हरभऱ्यापासून करा.

आधी अळी ओळखायला शिका, कारण पुढचं सगळं तिच्या वयावर आहे. पतंगाची मादी कोवळी पानं, कळ्या, फुलं यांवर एकेक अंडं सुटं ठेवते; खसखशीच्या दाण्याएवढं, पिवळसर पांढरं. त्यातून निघालेली अळी पहिल्यांदा पानाचा हिरवा भाग खरवडते, तिथे पांढुरके चट्टे दिसतात. मोठी झाली की फुलं, कळ्या आणि शेवटी घाटे. घाट्याला गोल भोक पाडून डोकं आत, बाकीचं अंग बाहेर. एक अळी वाढता-वाढता ३०-४० घाटे नासवते. हिरवी, तपकिरी, गुलाबट अशी कुठल्याही रंगाची असते, रंगावर जाऊ नका. निंबोळी अर्क असो की अळीला मारणारा विषाणू, दोन्ही लागू पडतात ते अळी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी असेपर्यंत. त्यापुढे पैसा आणि मेहनत दोन्ही वाया.

फवारायला आमच्याकडे पुरुष जातात, पण पांढरे चट्टे आधी दिसतात ते खुरपणाऱ्या आणि शेंडे खुडणाऱ्या बाईला. तिला विचारल्याशिवाय पंप भरू नका. फुलकळी लागली की आठवड्यातून दोनदा वावरात तिरकं चालत जा, मीटरभर लांबीची काडी तासावर, म्हणजे पिकाच्या ओळीवर, धरा, तेवढ्यातली झाडं पांढऱ्या कापडावर हलकेच झटका. मीटरभरात एक-दोन अळ्या सापडल्या की फवारणीची वेळ झाली. आभाळ आलं असेल तर रोज बघा.

जोडीला एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाच्या गोळीने नर पतंग ओढणारे सापळे, लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. आतली गोळी घाटे अळीचीच आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्या. दुकानात गुलाबी बोंडअळीची गोळीही तशीच दिसते. सलग दोन-तीन रात्री सापळ्यात ८ ते १० पतंग आले, तर थोड्याच दिवसांत अंडी फुटणार असं समजा. सापळ्याने अळी मरत नाही, तो फक्त निरोप देतो. सापळे लावले म्हणून निर्धास्त झालेले लोक मी पाहिलेत, त्यांचे घाटे रिकामे निघाले.

पेरतानाच करायच्या दोन गोष्टी आहेत. हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळा. तिची ताटं वर आली की कोतवाल, साळुंक्या त्यांवर बसतात आणि खालच्या अळ्या टिपतात. ज्वारी राहिली असेल तर इंग्रजी टी अक्षरासारखे काड्यांचे पक्षिथांबे एकरी वीसेक रोवा. दुसरी गोष्ट, मधूनमधून धन्याच्या ओळी टाका. धन्याच्या फुलांवर कॅम्पोलेटिस नावाची बारीक माशी येते. ती घाटे अळीच्या पिल्लात आपलं अंडं घालते, आणि अळी मोठी व्हायच्या आत संपते. पानावर एकटाच लहानसा पांढुरका कोश चिकटलेला दिसला तर तो तिचा, चिरडू नका. रासायनिक फवारा मारला की सगळ्यात आधी ही माशी जाते.

ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा नावाच्या इवल्या मित्रमाशीचं कार्ड, मात्र हरभऱ्यात लावू नका. ऊस, मका, कपाशीत ती चांगली. पण हरभऱ्याच्या पानावर जी आंब सुटते, पहाटे कापड फिरवून आपण जी पोटदुखीसाठी धरतो, ती त्या इवल्या माशीला सोसत नाही. आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. माशी एक तर पानाकडे फिरकत नाही, नाही तर चिकटून मरते.

आता निंबोळी अर्क. याची तयारी जून-जुलैत होते, तेव्हा झाडाखाली निंबोळ्यांचा सडा असतो. गर चोळून काढा, धुवा, सावलीत वाळवा, गोणपाटात भरा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. एकरी २०० लिटर पाण्याला १० किलो निंबोळी लागते, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला पाऊण किलो. जाडसर कुटून दुपटीएवढ्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दोनदा फडक्यातून पिळून गाळा, नाही तर नोझल तुंबतं. २०० लिटरला ४०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून घाला. ऊन उतरल्यावर फवारा आणि त्याच दिवशी संपवा, कारण उन्हात निंबोळीतला कस टिकत नाही. दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधू नका. या अर्काने अळीचं खाणं सुटतं, कात नीट टाकता येत नाही, पतंग तिथे अंडी घालायला नाखूष होतो. पहिली फवारणी निम्म्या झाडांना फुलं आली की.

दशपर्णीबद्दल, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्काबद्दल, मला विचारतात. ती घरोघरी वेगळी होते, म्हणून मात्रा सांगता येत नाही. मी निंबोळीवरच भर देते.

माझा खरा भरवसा आहे घाटे अळीच्या विषाणूवर, एचएएनपीव्हीवर. पहिल्या फवारणीनंतर साधारण पंधरा दिवसांनी, लहान अळ्या दिसत असताना, एकरी २०० मिलि विषाणू २०० लिटर पाण्यातून द्या. सोबत चिकट द्रव आणि कपड्यांना घालतात ती राणीपाल, लिटरला अर्धा ग्रॅम. उन्हातल्या अतिनील किरणांपासून ती विषाणूला वाचवते. हीसुद्धा संध्याकाळीच मारा. हा विषाणू माणसाला, गुराला, मधमाशीला काही करत नाही. तो अळीच्या पोटात गेला तरच काम करतो, म्हणून पानाच्या दोन्ही बाजू भिजायला हव्यात, आणि म्हणूनच मी तो निंबोळीत मिसळत नाही: खाणंच बंद झालं तर विषाणू पोटात जाणार कसा? पाच-सात दिवसांत अळ्या मंद होतात, शेंड्याला चढतात आणि उलट्या लोंबकळून मरतात. हात लावला की कातडी फुटून पाणी होतं.

त्या लोंबकळणाऱ्या अळ्या चिमट्याने बाटलीत गोळा करा. एकरी शंभरेक मोठ्या रोगट अळ्या पाण्यात चुरडून, सुती कापडातून गाळून लगेच फवारल्या तर बाजारची बाटली आणावी लागत नाही. बाटली आणणार असाल तर तारीख पाहा, आणि दुकानात ती उन्हात मांडलेली असेल तर घेऊ नका.

मोठ्या झालेल्या अळ्यांना फवारा नको, त्या वेचा. काढणीनंतर रान खोल नांगरा. कोश मातीत असतात, नांगरामागून बगळे येतात आणि उरलेले ऊन भाजून काढतं.