प्रचारसभेत जीभ कुठे घसरते? कोकणातल्या उमेदवारांनो, या चुका टाळा

गेली अठरा वर्षं मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रचारसभांत सूत्रसंचालन करतोय. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत, जो बोलावेल त्याच्याकडे. माझा पक्ष कुठला ते विचारू नका. मानधन वेळेवर देतो तो माझा पक्ष. भाषणं सुरू असताना मी व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभा असतो. उमेदवाराकडे सगळेच बघतात, मी समोरच्या खुर्च्यांकडे बघतो. भाषण कुठे फसलं ते खुर्च्यांना आधी कळतं.

आपल्याकडचा माणूस सभेत सहसा आरडाओरडा करत नाही. शेजारच्याच्या कानात एक वाक्य सोडतो आणि पुढचा-मागचा बाक हसायला लागतो. सावंतवाडीकडच्या एका सभेत उमेदवार विमानसेवेवर रंगात आले होते. मागून एक आजी म्हणाली, "आधी येश्टी तरी येळार सोडा, मगे इमानाचा बघू." साहेब पुढे वीस मिनिटं बोलले, पण सभा तिथेच संपली होती.

"मंजूर झालं" म्हणजे नक्की काय झालं?

सगळ्यात जास्त माती इथे खाल्ली जाते. एखादं काम कागदावर कसं सरकतं बघा. आधी मागणीचं पत्र, मग तत्त्वतः मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. त्यानंतर कुठे जेसीबी दिसतो. उमेदवाराच्या हातात बहुतेक वेळा पहिल्या पायरीचं पत्र असतं आणि तोंडात शेवटच्या पायरीची भाषा. "पूल मंजूर करून आणला" असं म्हटलं की समोरच्याला वाटतं पावसाळ्यानंतर काम सुरू. पाच वर्षांनी तोच उमेदवार त्याच साकवाजवळ, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाजवळ, उभा राहतो तेव्हा त्याने फोडलेल्या नारळाची आठवण काढणारे चार जण तरी असतातच.

उपाय अगदी साधा आहे: पायरीचं नाव घेऊन बोला. "प्रशासकीय मान्यता मिळाली, निविदा बाकी आहे." याने टाळ्या कमी पडतील हे मान्य. पण शिमग्याला आलेला मुंबईकर परत जाताना तेच वाक्य बरोबर नेतो, आणि गणपतीला येतो तेव्हा विचारतो, "काय, निविदा निघाली?" त्या वेळी उत्तर देता आलं पाहिजे.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल तर तारीख उच्चारूच नका. चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. त्यानंतर "येत्या गणपतीपर्यंत" हे शब्द इतक्या तोंडांतून आले की आता ते ऐकताच लोक एकमेकांकडे बघून हसतात. पनवेलपासून धक्के खात आलेल्या माणसाला रस्त्याची स्थिती तुमच्याहून चांगली ठाऊक असते. त्याला तारीख नको, कुठल्या टप्प्यात काय अडलंय ते सांगा.

विमानतळाचंही तसंच. सिंधुदुर्गातल्या चिपीचं उद्घाटन झालं 9 ऑक्टोबर 2021 ला; त्याआधी कित्येक निवडणुकांत ते विमान भाषणांतूनच उडत होतं. आणि "कोकणचा कॅलिफोर्निया" हे दोन शब्द तर कायमचे गुंडाळून ठेवा. ते ऐकून आमच्या वडिलांच्या पिढीने टाळ्या वाजवल्या, आमच्या पिढीने जांभई दिली. आता पोरं त्यावर मीम करतात.

पद कुठलं, आश्वासन कुठलं

जिल्हा परिषदेचा उमेदवार रेल्वेचं दुपदरीकरण करतो, लोकसभेचा उमेदवार वाडीतली पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, बांधतो. दोघांनाही आपलं काम माहीत नसतं, किंवा समोरच्यांना माहीत नसेल असं त्यांना वाटतं. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी मिळतात. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं आहेत. सारखे वाटले तर एकेकाच्या वाट्याला साधारण 83 लाख येतात. हा हिशोब चहाच्या टपरीवर होतो. म्हणून "माझ्या निधीतून शेकडो कोटी" म्हणण्याआधी जरा थांबा. केंद्राच्या किंवा राज्याच्या योजनेचा पैसा असेल तर त्या योजनेचं नाव घ्या.

मच्छीमारांसमोर बोलताना तर अभ्यास करूनच जा. एका बंदरावर उमेदवाराने छाती ठोकून सांगितलं, "निवडून आलो की एलईडी मासेमारीवर बंदी आणतो!" समोर सगळी रापण आणि गिलनेट ही पारंपरिक जाळी वापरणारी मंडळी. एकही टाळी नाही. कारण प्रखर दिव्यांनी मासे ओढून पकडण्यावरची ती बंदी केंद्राने 2017 मध्येच घातलेली आहे. दुखणं बंदीचं नाही, अंमलबजावणीचं आहे. गस्ती नौका किती, त्यांना डिझेल किती, पकडलेल्या बोटीवर कारवाई काय झाली, एवढंच त्यांना विचारायचं होतं. परराज्यातल्या बोटींचंही तसंच: राज्याच्या कायद्याची हद्द 12 सागरी मैलांपर्यंत, त्यापलीकडे केंद्र. आमदारकीच्या उमेदवाराने "एकही बोट फिरकू देणार नाही" म्हटलं की तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, मनातल्या मनात मैल मोजतो.

उपमा जपून वापरा, ती तुमच्यापेक्षा जास्त जगते

1995 च्या विधानसभा प्रचारात गुहागर तालुक्यातल्या एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पावरून रान पेटलं होतं. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, ही भाषा तेव्हाची. सत्तांतर झालं, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्दही झाला. मग वाटाघाटी झाल्या आणि नव्या अटींवर तोच प्रकल्प परत उभा राहिला. त्यामागे कारणं होती, करार होते, कोर्टकचेऱ्या होत्या. ते आज कुणाला तपशिलात आठवत नाही. समुद्र मात्र सगळ्यांना आठवतो. "पुनर्विचार करू" असं म्हटलं असतं तर एवढं आयुष्य त्या वाक्याला लाभलं नसतं, हे खरं. पण एवढी मतंही मिळाली नसती, हेही खरंच. हा सौदा ज्याचा त्याने करावा. प्रकल्पाच्या विरोधात वा बाजूने बोलताना एवढंच बघा की उद्या सत्तेत बसलात तर तेच वाक्य तुम्हाला तुमच्याच तोंडून ऐकवलं जाणार आहे.

गावाचं नाव, नदीचं नाव

चिपळूणच्या एका सभेत बाहेरून आलेल्या नेत्याने "जगबुडीच्या पुराने तुमचं जे नुकसान केलं" असं म्हटलं. जगबुडी खेडची. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलेलं पाणी वाशिष्ठीचं होतं. ज्याचं दुकान छतापर्यंत बुडालं त्याच्यासमोर नदीचं नाव चुकलं की पुढची सहानुभूती पोचत नाही. महाडात सावित्री, संगमेश्वरात शास्त्री, राजापुरात अर्जुना आणि कोदवली: तळहातावर लिहून घ्या. मी तर व्यासपीठावर चढताना उमेदवाराच्या हातात एक चिठ्ठी देतो. गावाचं नाव, ग्रामदैवत, नदी, मागच्या वर्षभरात गावात काय वाईट घडलं. एवढ्या चार ओळी वाचल्या नाहीत म्हणून कितीतरी जण पडलेले बघितलेत. 2014 साली रायगड लोकसभेचा निकाल अवघ्या 2,110 मतांनी लागला होता. एवढी मतं चार-पाच गावं रागावली की जातात.

खोटी मालवणी बोलू नका. मुंबईत वाढलेला उमेदवार "काय ता, बरा आसा मां?" असं सुरुवातीला म्हणतो, लोक हसतात, त्याला वाटतं जिंकलं. दुसरं वाक्य मालवणीत येत नाही तेव्हा ते हसू बदलतं. शिवाय मालवणची बोली घेऊन दापोलीत जाल तर तिथली बाणकोटी-संगमेश्वरी मंडळी तुम्हाला पाहुणाच समजतील. साधं मराठी बोला. बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांनी राजापूर मतदारसंघ साध्या-सरळ मराठीवर जिंकला, बोलीच्या नकलेवर नाही.

रवळनाथाला मध्ये ओढू नका

रवळनाथासारख्या ग्रामदैवताला गाऱ्हाणं घालून प्रचाराचा नारळ ठेवणं ही आपली रीत, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण देवळाच्या पायरीवरून मत मागितलं, किंवा "मला मत नाही दिलंत तर देव बघून घेईल" असं सुटलं, तर ते गमतीत जात नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 123. दैवी कोपाची भीती घालून मत मागणं हा त्यात अनुचित प्रभाव धरलाय, धर्माच्या नावाने मत मागणं वेगळं, आणि प्रतिस्पर्ध्याच्या खासगी चारित्र्याबद्दल खोटं सांगणं आणखी वेगळं. तिन्ही भ्रष्ट आचरणं. सिद्ध झालं तर जिंकलेली निवडणूक कोर्टात रद्द होते. जाहीरनाम्यातलं मोठं आश्वासन मात्र यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय. म्हणजे पुलाची थाप मारली तर कायदा गप्प बसतो, शेजारच्या उमेदवाराच्या घरात डोकावलात तर नाही. काहींना हे उलटं वाटतं. मलाही वाटतं.

वैयक्तिक टीकेचं काय होतं ते ऑगस्ट 2021 मध्ये आपण जवळून पाहिलं. महाडात एका केंद्रीय मंत्र्यांच्या तोंडून मुख्यमंत्र्यांबद्दल एक वाक्य गेलं, दुसऱ्या दिवशी संगमेश्वरात अटक, रात्री महाडच्या न्यायालयात जामीन. त्या जनआशीर्वाद यात्रेत विकासाबद्दल ते काय बोलले होते, आज कुणी सांगू शकेल?

घसरलीच, तर?

घसरण्याची वेळ ठरलेली असते. ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद करावा लागतो. तिसरी सभा, पावणेदहा वाजलेले, कागद संपलेला, समोर गर्दी चांगली. तेव्हाच उत्साहात काहीतरी जातं. दशावतारी नट लिखित संहितेशिवाय रात्रभर बोलतो, पण आख्यान कुठे संपवायचं ते त्याला पक्कं माहीत असतं. तुमचं शेवटचं वाक्य पाठ करून ठेवा. कागद संपला की तिकडेच उडी मारा.

चूक झाल्याचं व्यासपीठावरच कळलं तर तिथेच दुरुस्त करा: "वाशिष्ठी म्हणायचं होतं, चुकलो." लोक सोडून देतात. नंतर कळलं तर त्याच रात्री, स्वतःच्या तोंडाने, अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत माफी मागा. प्रवक्त्याला पुढे करू नका. "माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला" हे वाक्य वापरायचं असेल तर आधी स्वतःकडे पूर्ण भाषणाचं रेकॉर्डिंग आहे का ते बघा. विपर्यास खरंच झाला असेल तर पूर्ण क्लिप टाकून मोकळे व्हा, नसेल तर ते वाक्य आगीत तेल ओततं. "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" यातला "तर" काढून टाका. दुखावल्यात, म्हणूनच तुम्ही बोलताय.

आणि एक माझ्या खात्यातली गोष्ट. खाली उतरल्यावर कॉलर माईक आधी काढा, मग कार्यकर्त्याला "आजची गर्दी भाड्याची होती का रे?" असं विचारा. मी बंद करेपर्यंत तो चालूच असतो.