आर्द्रात नवती बोटभर झाली की बागेत जा, पांढऱ्या रेघांची वाट पाहू नका

मृगाचा पाऊस बरा झाला असेल, तर संत्र्या-लिंबाला आता फूट आली असेल. पुढचे पंधरा दिवस बाकीची कामं थोडी मागे पडली तरी चालतील, पण रोज सकाळी नवती, म्हणजे ही नवी कोवळी पालवी, पाहा. विदर्भात लहान बागा नागअळीनं, म्हणजे पानाच्या सालीखाली वळणदार रेघा पाडणाऱ्या अळीनं, जातात त्या औषध मिळालं नाही म्हणून नाही, तर वेळेवर कुणी पान उलटून पाहिलं नाही म्हणून.

गेल्या पावसाळ्यात कागदी लिंबाच्या एका दोन वर्षांच्या बागेत गेलो होतो. शेतकऱ्यानं चार फवारण्या केल्या होत्या, तरी शेंडे वळलेले, पानं चुरगळलेली. एक पान तोडून उन्हासमोर धरलं. चंदेरी रेघ वळणं घेत पानाच्या कडेपर्यंत गेली होती, मधोमध विष्ठेची काळपट दोरी. कड दुमडलेली होती, ती नखानं उघडली तर आत नुसतं कोषाचं रिकामं टरफल. असं एक-एक करत वीस पानं पाहिली. जिवंत अळी तीन पानांतच सापडली. उरलेल्या पानांतून पतंग केव्हाच उडून गेले होते. चारही फवारण्या रेघा दिसल्यावर झाल्या होत्या.

हा पतंग जेमतेम दोन मिलिमीटरचा, चांदीसारखा पांढरा, पंखाच्या टोकाला काळा ठिपका. अंडी घालतो ती फक्त कोवळ्या, लुसलुशीत पानावर, बहुतेक खालच्या बाजूनं शिरेजवळ. पान गर्द हिरवं आणि कडक झालं की त्याला ते नकोसं होतं. म्हणजे धोका फार थोड्या दिवसांचा, आणि आपला उपायही तेवढ्याच दिवसांत बसवायचा. अळी पानाच्या पातळ सालीखाली राहून रस खाते, त्यामुळे वरवरचं औषध तिला सहज लागत नाही. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पिढी पूर्ण होते.

नवती बोटभर झाली, की बागेत आडवे-उभे फिरून वीस-पंचवीस झाडं निवडा, प्रत्येकाचे चार शेंडे उलटून पाहा. दहापटीचं भिंग खिशात ठेवा. माझा अनुभव असा, की पाऊस उघडून ढगाळ, कोंदट, वारा पडलेली हवा राहिली की पाचव्या-सहाव्या दिवशी रेघा सुरू होतात. हा माझा अंदाज आहे, कोणत्या शिफारशीत लिहिलेला नाही. पण तशी हवा पडली की मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.

फवारणी एक ते चार वर्षांच्या झाडांना आणि रोपवाटिकेला. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या भरडून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून १०० लिटर करा, थोडा साबण घाला. शेंडे भरपूर आणि अळी जिवंत दिसत असेल, तर इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल ५ मिली प्रति १० लिटर पाणी, पण झाडावर फूल असताना नाही, मधमाश्या मरतात. डब्यावरचं लेबल वाचा, तोडणीपूर्वीचे दिवस पाळा. नोझल खालून वर धरा. नवती फुटतच असेल तर १० ते १५ दिवसांनी पुन्हा पाहा, गरज असेल तरच दुसरी फवारणी करा.

दुकानात गेलात की तीन औषधं आणि एक टॉनिक असा घोळ करून देतात. टॉनिक नकोच. टॉनिक आणि जादा युरिया म्हणजे आणखी लुसलुशीत फूट, अळीला आयती मेजवानी. पायरेथ्रॉईड गटाची जहाल औषधंही नकोत. त्यानं अळीवरचे परोपजीवी गांधील-चिलट मरतात आणि मागून कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) वाढतात. या किडीचं नाव १८५६ साली कोलकात्याच्या नमुन्यांवरून ठेवलं गेलं, म्हणजे ती आपल्याकडचीच, आणि तिचे शत्रूही आपल्याकडचेच. १९९३ मध्ये ती अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली, तेव्हा तिथल्यांना असे परोपजीवी ऑस्ट्रेलियातून आणून सोडावे लागले. आपल्याला ते फुकट मिळालेत, ते मारण्यासाठी पैसे मोजू नका.

मोठ्या, फळावरच्या संत्र्यानं थोड्या रेघा सोसल्या तर हरकत नाही, तिथं फवारू नका. लिंबाचं मात्र तसं नाही. रेघेच्या फाटक्या सालीतून पावसात खैऱ्या (कँकर रोग) शिरतो, आणि तो मग फळावर उतरतो. म्हणून लिंबावर नागअळी दिसली की खैऱ्याचीही तजवीज करा: कॉपर ऑक्सिक्लोराईड ३० ग्रॅम प्रति १० लिटर. रेघा पडलेली पानं ओरबाडत बसू नका, त्यांचा हिरवा भाग झाडाला अन्न देतो. फक्त रोपवाटिकेत ती तोडून जाळा.

या महिन्यातली इतर कामं:
- आळ्यात पाणी साचू देऊ नका, चर मोकळे करा
- पानसोट (खोड-फांद्यांवरचे सरळ उभे, जोमदार फुटवे) काढा
- कलमाच्या डोळ्याखालची जंबेरीची (खुंटाची) फूट काढा. ही फूट नागअळीनं सर्वात आधी भरते
- खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप)
- नत्र एकदम न देता हप्त्याहप्त्यानं
- पावसात छाटणी नको

नवीन कलमं घ्यायला जाल तेव्हा शेंडा हातात धरून पाहा. कडा वळलेल्या असतील आणि दुमडीत तपकिरी कोष असेल, तर ती कलमं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. तुमच्या शेतात पहिली पिढी त्यांच्यातूनच येईल.