छायाचित्रांच्या प्रिंट ऑनलाइन कशा विकाव्यात : कमी भांडवलात खरेदीदारापर्यंत पोहोचण्यासाठी

पडद्यावर फोटो पाहायला पैसे पडत नाहीत. तरीही एखादा अनोळखी माणूस तोच फोटो कागदावर छापून घेण्यासाठी पैसे मोजतो, कारण तो त्याला रोज भिंतीवर, डोळ्यांसमोर हवा असतो. अडचण अशी की ऑनलाइन खरेदीत त्याला कागद हातात घेऊन पाहता येत नाही, रंग खिडकीच्या उजेडात तपासता येत नाहीत आणि तुमची त्याची ओळखही नसते. म्हणून थोडक्या भांडवलात हे काम सुरू करणाऱ्याने पहिला पैसा जाहिरातीवर न घालता स्वतःच्याच प्रिंट छापून पाहण्यावर घालावा, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्या एका खर्चाच्या आधाराने सोप्या होतात.

१. निवड

संग्रहात हजारो फोटो असले तरी विक्रीसाठी सुरुवातीला दहा-बाराच निवडावेत, आणि ते एकमेकांशेजारी शोभतील असे असावेत. मोबाइलवर भरभरून पसंती मिळवणारा भडक रंगांचा फोटो भिंतीवर आठ दिवसांत डोळ्यांना खुपू लागतो, तर पडद्यावर कोणी थांबून न पाहिलेले धुक्यातले झाड वर्षभर सोबत करते. यासाठी एक साधी परीक्षा आहे. मनात असलेल्या फोटोंच्या पोस्टकार्डाएवढ्या स्वस्त प्रिंट काढून त्या स्वतःच्या भिंतीवर चिकटवाव्यात आणि दोन आठवड्यांनंतरही ज्यांच्याकडे नजर वळते तेवढ्याच ठेवाव्यात.

निवडतानाच हक्कांचा विचार करावा. फोटो तुम्ही काढलेला असला तरी त्यात ओळखू येणारी व्यक्ती असेल तर तिची लेखी संमती घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे, आणि दुसऱ्याचे चित्र, शिल्प किंवा रोषणाई हाच फोटोचा मुख्य विषय असेल तर त्या देशातला नियम पाहावा लागतो. पॅरिसच्या आयफेल टॉवरचा दिवसा काढलेला फोटो विकायला हरकत नाही, पण रात्रीच्या रोषणाईवर तिथली व्यवस्थापन संस्था स्वामित्वहक्क सांगते आणि व्यावसायिक वापरासाठी परवानगी मागते.

२. आकार

जवळून पाहिल्या जाणाऱ्या प्रिंटसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल हे प्रमाण धरतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली ६००० × ४००० पिक्सेलची फाइल या हिशेबाने सुमारे २० × १३ इंच छापता येते. मोठी प्रिंट लोक दोन पावले मागे उभे राहून पाहतात, त्यामुळे तीच फाइल २०० पिक्सेलच्या प्रमाणाने ३० × २० इंचांपर्यंत नेली तरी बहुधा चालते. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइल फोटोतूनही १३ × १० इंचांची चांगली प्रिंट निघते.

पिक्सेलपेक्षा जास्त गोंधळ लांबी-रुंदीच्या प्रमाणामुळे होतो. बहुतेक कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ प्रमाणाचा असतो, म्हणून ८ × १२, १२ × १८ आणि १६ × २४ हे आकार त्याला कापावे न लागता बसतात. तोच फोटो ८ × १० मध्ये विकायला ठेवला तर लांब बाजूचे दोन इंच जातात, आणि नेमक्या त्या दोन इंचांत उडणारा पक्षी असू शकतो. खरेदीदाराला फ्रेमही करून घ्यायची असते आणि मापाबाहेरच्या आकाराची खास फ्रेम कधी कधी प्रिंटपेक्षा महाग पडते. त्यामुळे बाजारात तयार मिळणाऱ्या फ्रेमच्या मापाचा कागद घ्यावा, त्यावर फोटो पूर्ण ठेवावा आणि भोवती पांढरी किनार सोडावी. एकंदर दोन किंवा तीनच आकार द्यावेत, कारण सात आकार समोर दिसले की माणूस ठरवणे पुढे ढकलतो.

३. नमुना प्रिंट

माझी पहिली मोठी प्रिंट संध्याकाळच्या एका तळ्याची होती. पडद्यावर काठावरच्या लव्हाळ्याची पाती सुटी सुटी दिसत होती, आणि प्रिंट उलगडली तेव्हा त्या जागी एक सलग काळा पट्टा होता. फोटो छापून देणाऱ्या लॅबने फाइल जशी होती तशीच छापली होती. मी खिडकीशेजारी बसून, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून काम करत आलो होतो आणि त्या उजेडावर भरवसा ठेवून सावल्या गडद करत गेलो होतो. छपाईसाठी पडद्याची प्रखरता ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर असावी असे सांगतात. ती मोजण्याचे यंत्र जवळ नसेल तर पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, शेजारी खोलीच्या उजेडात पांढरा कागद धरावा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत पडदा मंद करावा.

त्यानंतर एकाच कागदावर त्याच फोटोच्या तीन छोट्या प्रती मांडून छापून घ्याव्यात. एक जशी आहे तशी, दुसरी एक तृतीयांश स्टॉपने (स्टॉप हे उजेडाचे माप, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ आणि तिसरी दोन तृतीयांश स्टॉपने उजळ. खर्च एका कागदाचा होतो आणि उत्तर पक्के मिळते. हा कागद सकाळी खिडकीपाशी आणि रात्री दिव्याखाली, असा दोन्ही वेळा पाहावा. लॅबने वेगळे काही सांगितले नसेल तर फाइल एसआरजीबी (sRGB) या सर्वसाधारण पडद्यांच्या रंगव्यवस्थेत पाठवावी, आणि लॅब आपल्या कागदाची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात हे संगणकाला सांगणारी छोटी फाइल, देत असेल तर ती लावून छापील रंग आधी पडद्यावर पाहून घ्यावेत.

कागद निवडतानाही नमुनेच मागवावेत. सुती मॅट कागदावर काळा रंग थोडा मऊ येतो, पण दिव्याची चमक पडत नाही. बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेला कागद) किंवा चकचकीत कागदावर काळा खोल उतरतो, मात्र समोर खिडकी असेल तर फोटोऐवजी खिडकीच दिसते. पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) साधारणपणे डाय शाईपेक्षा (द्रवात विरघळलेल्या रंगाची) जास्त टिकते. ज्या कागदाला रासायनिक चमक देऊन अधिक पांढरे केलेले असते तो काळाच्या ओघात पिवळसर पडू शकतो, हे महागड्या प्रिंट विकताना ध्यानात ठेवावे.

४. छपाई कोणाकडून

घरी प्रिंटर घेण्याचा मोह टाळावा. रोज वापर नसला की शाईची छिद्रे बुजतात आणि ती मोकळी करण्यातच शाई संपते. विश्वासाची लॅब गाठून ऑर्डर आल्यावर छापून घ्यावे, म्हणजे प्रिंट तुमच्या नजरेखालून जाते आणि तुम्हाला तिच्यावर सही करता येते. मागणीनुसार छापून परस्पर पाठवणाऱ्या सेवांमध्ये साठा आणि पॅकिंग यांची काळजी नसते, दूरच्या ग्राहकांसाठी त्या सोयीच्या पडतात, पण हातात उरणारा नफा कमी असतो आणि प्रिंट तुम्ही पाहिलेलीच नसते. अशी सेवा घेतली तर पहिली ऑर्डर स्वतःच्या पत्त्यावर मागवावी.

२००५ साली सुरू झालेल्या एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारपेठेवर खरेदीदार आधीपासून असतात, मात्र तिथे विक्रीला ठेवलेल्या वस्तूची प्रत्येक नोंद चार महिने टिकते आणि पुढे चालू ठेवण्यासाठी पुन्हा शुल्क द्यावे लागते. त्यामुळे शंभर फोटो ओतण्यापेक्षा निवडलेले बारा नीट मांडणेच परवडते.

५. किंमत

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. छपाई, पॅकिंग आणि टपाल मिळून खर्च १०० आला, बाजारपेठ व पैसे स्वीकारणारी सेवा मिळून विक्रीच्या १० टक्के घेतात आणि तुम्हाला विक्रीच्या ५० टक्के उरायला हवेत, असे समजा. खर्चात ६० मिळवून किंमत १६० ठेवली तर शुल्काचे १६ आणि खर्चाचे १०० वजा जाता ४४ उरतात, म्हणजे किमतीच्या साडेसत्तावीस टक्केच. योग्य रीत अशी की शुल्काचे १० आणि नफ्याचे ५० टक्के मिळून होणारे ०.६ हे १ मधून वजा करावे आणि उरलेल्या ०.४ ने खर्चाला भागावे. किंमत २५० येते. शुल्क २५, खर्च १०० आणि हाती १२५. वाटेत खराब झालेली एखादी प्रिंट फुकट पुन्हा पाठवावी लागणार आहे, हे गृहीत धरून खर्चातच थोडी भर घालावी.

मर्यादित आवृत्तीची घाई करू नये. पंचवीसच प्रती काढण्याचे वचन दिले की सव्विसावा ग्राहक आला तरी ते मोडता येत नाही, आणि मागणी नसताना आकडा घातल्याने मागणी निर्माण होत नाही.

६. विक्रीचे पान

नमुना प्रिंटवर केलेला खर्च इथे वसूल होतो, कारण आता तुमच्याजवळ दाखवायला वस्तू आहे. फोटोच्या फाइलबरोबर प्रिंटचेही फोटो टाकावेत. तिरक्या उजेडात कागदाचा पोत दिसणारा एक कोपरा, हातात धरलेली प्रिंट, आणि खुर्चीशेजारच्या भिंतीवर लावलेली प्रिंट, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. मूळ फोटोची लांब बाजू १५०० पिक्सेलच्या आसपास ठेवावी; पाहायला ती पुरते आणि चोरून छापली तरी पाच इंचांपलीकडे नीट छापली जात नाही.

शीर्षकात लोक शोधताना वापरतात ते शब्द हवेत. ‘मौन, क्रमांक ३’ हे नाव तुम्हाला प्रिय असेल, पण त्यापुढे ‘धुक्यातली पाइनची झाडे, कृष्णधवल, आडवी प्रिंट’ असे लिहिले तरच ते कोणाला सापडेल. वर्णनात सेंटिमीटर आणि इंच अशा दोन्ही मापांत आकार, कागदाचे नाव व वजन, किनार, फ्रेम आहे की नाही, पोचायला लागणारे दिवस आणि प्रिंट खराब निघाल्यास काय कराल, हे स्पष्ट लिहावे.

७. खरेदीदार

विषयावर आधीच जीव असलेल्या लोकांकडे जावे. पाणपक्ष्यांचे फोटो पक्षिनिरीक्षकांच्या गटात, जुन्या रेल्वे इंजिनांचे फोटो रेल्वेप्रेमींच्या गटात दाखवले तर दाद देणाराच ग्राहक होण्याची शक्यता असते. तिथे विक्रीची जाहिरात टाकण्याआधी काही आठवडे इतरांशी बोलावे, त्यांच्या फोटोंना मनापासून दाद द्यावी. पिंटरेस्टवर लोक भिंतीसाठी कल्पना शोधत येतात आणि तिथे टाकलेले चित्र जुने झाले तरी शोधात वर येऊ शकते, म्हणून भिंतीवरच्या प्रिंटचे फोटो तिथे जरूर द्यावेत.

इमेलची यादी पहिल्या दिवसापासून, संमती घेऊन जमवावी. महिन्यातून एक पत्र, त्यात एक फोटो आणि तो कसा मिळाला याच्या चार ओळी, एवढे पुरते. भेटवस्तूंच्या हंगामाचे पत्र मात्र सहा-आठ आठवडे आधी जावे, कारण छपाई आणि टपाल दोन्ही त्या काळात रेंगाळतात. प्रिंट पोचल्यावर ग्राहकाला त्याच्या भिंतीचा फोटो मागावा आणि परवानगी असेल तर तो पानावर लावावा. माझ्या अनुभवात याहून परिणामकारक जाहिरात नाही. पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल तर जी प्रिंट आपसूक विकली गेली आहे तिचीच, आणि छोट्या रकमेची करावी.

८. पाठवणी

१२ × १८ इंचांपर्यंतची प्रिंट आम्लरहित पातळ कागदात ठेवून, चारही बाजूंनी इंचभर मोठ्या दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवावी. त्याहून मोठी प्रिंट किमान तीन इंच व्यासाच्या जाड नळीत, सैल गुंडाळून, दोन्ही टोकांना गादी देऊन पाठवावी. कोपरे चेपतात ते टोकांपाशीच. अशी एक नळी आधी स्वतःलाच टपालाने पाठवून, ती कशी येते ते पाहावे. पार्सलमध्ये सही केलेली एक छोटी चिठ्ठी ठेवावी : हात स्वच्छ धुऊन प्रिंट बाहेर काढा, स्वच्छ कागदावर उलगडून वर दुसरा कागद व जड पुस्तके ठेवा, एक दिवस तशीच राहू द्या, आणि थेट ऊन येणार नाही अशा भिंतीवर लावा.