राखेचं ग्लेझ वाहून जातंय? या चुका टाळा

रामटेकच्या टेकडीचा पावसाळी उतार फुलदाणीवर उतरवायचा म्हणून मी पहिल्यांदा राखेचं ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर बसणारा काचेसारखा थर, केलं. ते ओघळलं आणि फुलदाणी भट्टीतल्या शेल्फला अशी चिकटली की छिन्नीनेही सुटेना.

ग्लेझ जाड लागलं असेल असं वाटलं होतं, पण चूक पोत्यात होती. राख ती राख, असं धरून मी सागवानाची, पऱ्हाटीची आणि धानाच्या टरफलांची राख एकत्र भरली होती. लाकडाच्या राखेत चुना भरपूर असतो आणि १२५० अंशांच्या पुढे तोच बाकीच्यांना वितळवतो. टरफलांच्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका, म्हणजे काचेचा मूळ घटक, असते. ती एकटी वितळत नाही, पण बेताने घातली तर फुटाळा तलावावरच्या पहाटेच्या धुक्यासारखा दुधाळ रंग देते. म्हणून प्रत्येक राखेचा डबा वेगळा ठेवा, वर झाडाचं नाव लिहा. कोराडीच्या वीज केंद्राची राख फुकट मिळाली तरी इथे वापरू नका, ती कोळशाची आहे आणि अगदी वेगळी वागते.

राख धुवायची की नाही, हे आधी ठरवा. धुतली की पोटॅश (वितळायला मदत करणारा क्षार) निघून जातं, वितळणं थोडं कमी होतं, पण दर वेळी सारखं येतं. धुतलेलं पाणी साबणासारखं बुळबुळीत लागतं, ते क्षार कातडी खातात. हातमोजे घालाच.

सुरुवातीला राख ४०, फेल्स्पार (वितळणारं खनिज) ४०, चायना क्ले (पांढरी माती) २० हे प्रमाण घ्या. आणि हे ग्लेझ स्थानिक लाल मातीच्या भांड्यावर लावू नका, या तापमानाला ती माती मऊ होऊन खचते. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमान सोसणारी मातीच हवी.

हिरव्या रंगाबद्दल निराशा हमखास होते. लोहामुळे येणारा शेवाळी हिरवा गॅसच्या भट्टीत, हवा कमी ठेवल्यावर येतो. विजेच्या भट्टीत तेच ग्लेझ मधासारखं पिवळं-तपकिरी होतं. मला तर तो पेंचच्या उन्हाळी जंगलाचा रंग वाटतो, मी आता मुद्दाम तोच आणते. तांबं घालून हिरवा काढलात तर ती वस्तू भिंतीवरच ठेवा, जेवणात नको.

तळाशी बोटभर जागा कोरी सोडा. चाचणीची टाइल आडवी भाजू नका, उभी करा आणि खाली मातीची चकती ठेवा. ओघळ चरांमध्ये साचतो, उंचवट्यावर पातळ होतो, आणि डोंगराच्या घड्या तिथेच दिसायला लागतात.