छोटा टॅब घ्यायचाय? शिवणाची टेप घेऊन दुकानात जा

मार्दोळहून पणजीच्या बसमध्ये खिडकीकडची जागा मिळाली की माझं नाटक सुरू होतं. जुनं गोवं येईपर्यंत एक प्रवेश आणि दोन पदं सहज होतात. पर्स मांडीवर, टॅब एका हातात आणि शेजारणीला कोपर न लागेल अशी बेतानं मांडलेली बैठक. माझा टॅब खरं म्हणजे या बसनंच ठरवला. दुकानदार आपला सांगत होता, "बाय, व्हडलें घे, दोळ्यांक बरें." डोळ्यांना बरं हे खरंच. पण अकरा इंची टॅब अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. तो एका हातात तोलून बाणस्तारीचं वळण काढायचं म्हणजे कसरतच.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: हा टॅब टेकवून बघणार की धरून? स्वयंपाकघरात ओट्यावर उभा करून ठेवायचा असेल तर खुशाल मोठा घ्या, पुढचं वाचूही नका. अंथरुणात, बसमध्ये किंवा बाल्कांवात बसून हातात धरायचा असेल, तर आठ-नऊ इंच आणि साडेतीनशे ग्रॅमच्या आत. सॅमसंगचा टॅब ए९ ३३२ ग्रॅमचा आहे, आयपॅड मिनी ३०० च्याही आत. दुकानात पाच मिनिटं एका हातात धरून उभं राहा. मनगट काय ते सांगेल.

आता टेप काढा. खोक्यावरचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलेले असतात. आपल्याला दिसणारं चित्र किती मोठं हे त्यावरून कळत नाही. माझा फोन ६.७ इंची. त्यावर नेहमीच्या रुंद मापाचा व्हिडिओ लावला तर चित्र भरतं साडेबारा सेंटीमीटर बाय सात, बाकी दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. ८.७ इंची टॅबवर तेच चित्र १९ बाय साडेदहाच्या थोडं वर. इंच वाढले दोन, चित्र झालं दुपटीहून मोठं! फोन पुरेल का, हा घरचा वाद माझ्यापुरता इथंच मिटला.

गंमत पुढेच आहे. माझं बघणं निम्मं जुनं. दूरदर्शनच्या काळातली चित्रणं, कोणीतरी कॅसेटवरून उतरवून घेतलेली नाटकं. ती सगळी जवळजवळ चौकोनी, चारास तीन या मापाची. आयपॅड मिनीचा पडदा ८.३ इंचाचा, म्हणजे कागदावर लहान. पण तो अंगानं रुंद-बुटका आहे. त्यामुळे जुनं नाटक त्यावर नखभर मोठंच दिसतं आणि नवी वेबमालिका मात्र लहान. तुम्ही काय बघता त्यावर पडद्याचा आकार ठरवा. (मिनीची किंमत ऐकून मी तो हळूच परत काचेवर ठेवला, ही गोष्ट वेगळी.)

पडद्याचे ठिपके किती, हे दुसरं. या वर्गातल्या स्वस्त टॅबवर बहुधा १३४० बाय ८००, म्हणजे इंचाला १८० च्या घरात, मिनीवर ३२६. हातभर अंतरावरून नाटक बघताना हा फरक मला जाणवत नाही. पण सकाळी पेपर टॅबवरच वाचणार असाल तर बारीक मराठी अक्षरांच्या वेलांट्या, अनुस्वार खरखरीत दिसतात. तेव्हा दुकानात पेपरचं एक पान उघडून बघाच. शिवाय टॅब तिरपा करून बघा. आई आणि मी दोघी एकत्र बघतो. बाजूला बसलेलीला रंग उडालेले दिसले तर रोज भांडण.

आता माझी फजिती. पहिला टॅब मी ऑनलाइन घेतला होता, कधी न ऐकलेल्या कंपनीचा. वर्णनात रॅम भरमसाट, किंमत निम्मी. यूट्यूब झकास चाले. नेटफ्लिक्सवर मात्र माणसांचे चेहरे धुक्यातून आल्यासारखे. आठवडाभर मी घरच्या वायफायला दोष दिला. शेवटी भाच्यानं कारण काढलं: या पैसे भरून बघायच्या ऍपना व्हिडिओची चोरी होऊ नये म्हणून अँड्रॉइड टॅबवर गूगलचं 'वाइडवाइन' नावाचं कुलूप लागतं. त्याच्या पायऱ्या आहेत. एल-१ असेल तर एचडी मिळतं. एल-३ असेल तर नेटफ्लिक्स साध्या दर्जावरच अडतं, मग तुम्ही कितीही महागडा प्लॅन घ्या. नंतर दुरुस्त करून घेऊ म्हणाल तर ते आपल्या हातात नसतं. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातल्या टॅबवर 'डीआरएम इन्फो' हे फुकट ऍप टाकायला सांगा आणि तिथं एल-१ लिहिलंय का ते डोळ्यांनी बघा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा.

आवाजासाठी टॅब आडवा, दोन्ही हातांत धरून पद लावा. स्पीकर दोन असावेत आणि दोन टोकांना असावेत. एकाच बाजूला असले तर तळहाताखाली अभिषेकीबुवांची तान दबते, आणि आमच्या मंगेशी-मार्दोळात हे कोणी खपवून घेणार नाही. इअरफोनचं गोल भोक असेल तर उत्तम. टॅब ए९ ला आहे, मिनीला नाही. ब्लूटूथवर आवाज किंचित मागून येतो. व्हिडिओची ऍप ते बहुतेक जुळवून घेतात, पण टॅबवर पेटी वाजवून बघा, बोट आधी आणि सूर नंतर.

साठवणीत कंजुषी नको. ६४ जीबी लिहिलेलं असतं, त्यातले पंधराएक जीबी टॅबच खातो. एचडीत तासाला अर्धा ते एक जीबी धरा. मेमरी कार्डाची खाच असली की चिंता मिटते. आयपॅडला ती नसते. मांडवी एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना हे कळतं. रत्नागिरीजवळ करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा, आणि त्याच्या आगेमागे बोगदेच बोगदे. ऑनलाइन बघणारा डब्यात नुसता गोल फिरणारं चक्र बघत बसतो. आदल्या रात्री उतरवून ठेवा. मात्र उतरवलेल्या व्हिडिओला मुदत असते, निघण्याआधी एकदा उघडून बघा.

सिमवाला टॅब हवा का? पावसात वीज गेली की घरातलं वायफायही जातं, म्हणून अनेकजण घेतात. मी घेतला नाही. फोनचा हॉटस्पॉट आहे, उरलेल्या पैशांत मेमरी कार्ड आलं. आईसारख्या, जिला हॉटस्पॉट लावणं जमत नाही, तिच्यासाठी मात्र सिमवालाच घ्या.

बाकी रॅम चार जीबीच्या खाली नको, खोक्यात चार्जर आहे का विचारा. कॅमेऱ्याकडे बघूही नका.

आणि कव्हर. चामड्यासारखं दिसणारं घेऊ नका. मी जूनमध्ये घेतलं होतं, चतुर्थीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायच्या गडबडीत कपाटातून काढलं तेव्हा त्यावर पांढरी बुरशी होती. सिलिकॉनचं घ्या, पुसलं की झालं.